रिफ्रेश

ओउलूत सकाळी नऊलाही अंधारच.
कॉफी ठेवते, रिफ्रेश दाबते:
नदीपलीकडच्या दुकानाचे भाव
त्यांच्या पानावरून उठून
आमच्या तक्त्यात येऊन बसतात,
उशिरा आलेल्या पोरांसारखे, गुपचूप.

लहान मुलांची स्की: एकोणनव्वद युरो.
मंगळवारी बहात्तर. मग एकसष्ट.
"आपणही उतरवू," तापानी म्हणाला.
उतरवले.

आज रकाना कोरा.
क्वेरी तपासली. पत्ता तपासला,
दोनदा.
पानच नाही.

आलेखात आमची निळी रेघ
एकटीच पुढे चाललीय,
कुणाच्या वर, कुणाच्या खाली,
सांगता येत नाही.

दुपारी पूल ओलांडून गेले.
शटर खाली. पायरीवर खोकं,
त्यावर म्हाताऱ्या वेइयोचं थरथरतं अक्षर:
स्कीचं मेण उरलंय, न्या.

एक डबी उचलली.
भावाची चिठ्ठी
त्याने नखाने खरवडून काढली होती.