एक जून

संघटनेचं पत्र आलं, जेमतेम दोन ओळींचं.
यापुढे वयोगट एक जानेवारीपासून मोजायचे नाहीत,
एक जूनपासून मोजायचे, शाळेसारखे.
खाली गोल शिक्का, थोडा फिसकटलेला.

मी रजिस्टर काढलं.
शिरोड्याच्या मिठागराला लागून क्लबची खोली,
त्यामुळे पानं बारा महिने ओलसर.
पेन्सिल उमटत नाही, पेन पसरतं.
सत्तेचाळीस मुलगे, नऊ मुली.
नावांवर पट्टी ठेवली
आणि मे न् जूनच्या मधून रेघ ओढली.

ओजस केळुसकर, सत्तावीस डिसेंबर.
तीन वर्षं गटात सगळ्यात धाकटा.
आईच्या पोटात पाच दिवस जास्त राहिला असता
तर सगळ्यात थोरला झाला असता.
जर्सी गुडघ्यापर्यंत यायची.
हेडरला उडी मारायचा आणि चेंडू
वीतभर वरून निघून जायचा, दुसऱ्याच्या कपाळावर.
मी त्याला बाकावर बसवायचो.
थांब, म्हणायचो, वाढशील.
वाढायचा बिचारा.
पण बाकीचे काय वाढायचे थांबले होते?

आता तो गटात मधला झाला,
एका रात्रीत, एक सूतही उंची न वाढता.
शनिवारी पहिल्यांदा पूर्ण वेळ खेळला.
मोठ्यांच्या पायांतून चेंडू काढत काढत
तो काय काय शिकून बसला होता
ते तेव्हा दिसलं. मला. इतक्या उशिरा.

ग्लेन फर्नांडिस, नऊ जानेवारी, आमचा कॅप्टन.
तो आता वरच्या गटात,
जिथं दोघांना मिसरूड फुटलंय.
परवा पहिल्यांदाच कुणीतरी त्याला खांद्यानं ढकललं,
तो पडला, आणि पडल्यापडल्या
इकडेतिकडे बघत राहिला,
आपल्या घरात कुणी खुर्च्या हलवल्यासारखा.

मग ओवी गिरपचे वडील आले.
ओवी एकतीस मेची, रात्री नऊची.
सर, म्हणाले, तीन तासांचा तर प्रश्न आहे,
काय ते ॲडजस्ट करा.

मी हसलो. त्यांना वाटलं, त्यांनाच हसलो.

माझीही जन्मतारीख एक जून.
आमच्या वर्गात एकोणीस जणांची एक जून.
पेडणेकर गुरुजींनी दाखल्यावर घातली,
शाळेत घ्यायला पोर सहा वर्षांचं हवं म्हणून,
आणि दुसरी तारीख कुणाकडेच नव्हती म्हणून.
आईला विचारलं तर ती सांगायची,
तू झालंस त्या दिसा रापणीक इतको बांगडो मेळलो
की वाटून वाटून हात दुखले.
आणि तारीख?
तारीख कोण बघता?

म्हणजे मी कदाचित नोव्हेंबरचा.
कदाचित मीही उगाच कुठल्या तरी बाकावर बसलो असेन
किंवा उगाच कॅप्टन झालो असेन.
आता कसं कळणार.

एक जूनला बंदी लागते.
होड्या वर ओढून आमच्या मैदानात येतात,
झापांखाली पालथ्या पडतात.
डावीकडचा कॉर्नर जातो,
अर्धा पेनल्टी बॉक्स जातो.
दोन महिने आम्ही उरलेल्या जागेत खेळतो.
तक्रार कुणी करत नाही,
त्यातल्या निम्म्या होड्या खेळणाऱ्यांच्याच घरच्या.

ओवीला मी वरच्या गटात लिहिलं.
वडील काही न बोलता गाडीला किक मारून गेले.
ती थांबली. बुटाची नाडी बांधत, वर न बघता म्हणाली,
मग मी त्यांच्यात सगळ्यात लहान?

हो.

मग मला बाकावर बसवणार?

खोलीत जुन्या जर्सींचा ढीग होता, मिठाचा वास येणारा.
बराच वेळ उचकत राहिलो.
शेवटी सात नंबरची सापडली.
ती तिनं घातली,
गुडघ्यापर्यंत आली.