करवंट्यांचा घोडा

दुसऱ्या अंकात राजा
मित्राच्या मरणाच्या हुकमावर सही करतो.
तो हुकूम मी लिहितो.
दर प्रयोगाला नवा, कारण चौथ्यात सत्य कळल्यावर
राजा तो फाडतो, शेवटचा तुकडा दातांनी.
ईशानीला तसंच हवंय. ती दिग्दर्शक.

चहाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवलेला कागद,
टिळक रोडवरची शाई,
लाखेऐवजी मेणात कालवलेलं कुंकू.
मजकूर प्रेक्षकांना दिसत नाही,
म्हणून मी काहीही लिहितो :
किराण्याची यादी, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक,
एकदा एकोणतीसचा पाढा.
राजा सही करतो. ठसठशीत. खाली रेघ ओढून.
सेनापती मरतो.

घोडाही माझ्याकडेच.
पाचव्या अंकात माफीचं पत्र घेऊन स्वार निघतो
तो विंगेत, माझ्या दोन करवंट्यांवरून.
टबडक टबडक. लांबचा रस्ता पोत्यावर,
जवळचा फळीवर.
नाटक शंभर वर्षांचं, पुण्याला शेवट पाठ आहे,
तरी तिसऱ्या रांगेतली एखादी बाई पुढे वाकतेच.
तिला वाटतं, या खेपेला पोचेल.

कोथरूडला माझे हात जरा जास्तच चालले.
ईशानी म्हणाली, खांबेटेकाका,
घोड्याला घाई कसली?
त्याला उशीरच व्हायचाय.

सत्त्याऐंशी साली मी चिंचवडला, कारखान्याच्या स्टोअरमध्ये.
पितळी बुशांची दोन खोकी कमी भरली.
चौकशी अधिकारी भला माणूस, टोपण काढून पेन पुढे केलं :
एवढंच लिहा,
त्या रात्री सोपान कुचेकर गेटपाशी दिसला.

दिसला होताच.
रोज दिसायचा. गेटवरच ड्यूटी त्याची.
माझ्या जबानीत खोटं एक अक्षर नव्हतं.
टेम्पोबद्दल कुणी विचारलं नाही.
साहेबांच्या मेव्हण्याचा टेम्पो, मागचा दिवा फुटलेला,
तोही दिसला होता.
पेपरवेटखाली माझी सुपरवायझरची ऑर्डर
पंख्यानं फडफडत होती.
सही केली. खाली रेघ मात्र ओढली नाही.

तीन महिन्यांनी निगडीच्या जकात नाक्यावर
तो टेम्पो पकडला.
मग मी अर्ज लिहिला, खरा, सगळा.
लिहायला नऊ दिवस. फेअर करायला आणखी दोन.
खिशात घालून सायकल काढली, म्हटलं आधी त्याला दाखवू.
दापोडीपर्यंत फ्रीव्हील टिकटिकत होतं.
खोलीला कुलूप. शेजारीण तांदूळ निवडत होती,
मान वर न करता म्हणाली, गेले.

आपल्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात.
कुठला, ते मी विचारलं नाही.

काल भरतीचा प्रयोग होता.
हुकमावर मी पाढा लिहिला नाही.
लिहिलं : सोपान कुचेकर गेटपाशी दिसला.
आणि विंगेतून राजाच्या तोंडाकडे बघत राहिलो.
तो थांबला. भुवई उचलली. हात थरथरला,
रोज जिथे थरथरतो तिथेच.
सही केली.

मध्यंतरात विचारलं, वाचलंस का रे?
वडा खात म्हणाला, काय?
काका, सहीची जागा माहीत असली की झालं.

नंतर रंगमंच झाडताना
सगळे तुकडे आले, एक सोडून.
'दिसला' तेवढा कुंकवाच्या मेणानं
फळीला चिकटून बसला होता.
नखानं काढावा लागला.

उद्या चिंचवड.
एका करवंटीला तडा गेलाय.
ईशानी म्हणते, नवा नारळ फोडा.
राहू दे म्हटलं. तडकलेली टाप जरा बद्द येते,
खूप लांबून येत असल्यासारखी,
निघून बरीच वर्षं झाल्यासारखी.