पाणी काढणे

आगरवाड्याच्या मिठागरातून, मार्चमधल्या एका दुपारी
मी तिला उचललं, बोटभर काळ्या चिखलासकट,
टोपणाच्या नळीत.
बांधावरून बाबा म्हणाले,
"इतलोच? पांटलो घे गो."

तेवढा पुरला.
ताळगावच्या प्रयोगशाळेत ती ताटलीवर वाढली
फिकट पिवळी, ओल्या बटणासारखी,
शेजाऱ्यांना जवळ येऊ देईना.
नाव नाही तिला अजून. वहीत फक्त आग-३१.

तिच्या पदरी दोन विकरं.
पहिलं सेरीनमधून पाण्याचा एक रेणू काढतं.
एकच.
मला हसू आलं. आमच्या घरी चार पिढ्या हेच करतात:
मानशीचं दार उघडून शापोऱ्याचं पाणी आत घ्यायचं
आणि मग ते घालवत बसायचं.
उरेल त्याला भाव.

दुसरं विकर त्या रिकाम्या जागी
गंधकाचा हात ओढून आणतं, गाठ मारतं,
सैल दोरीचं कडं होतं.
अशी पाच कडी, की कुरतडणाऱ्याचा दात लागू नये.

आणि डोक्याशी एक जादा तुकडा.
तो आहे तोवर हत्यार म्यानात,
नाहीतर घडवणारीचाच घात.
विकरं तेवढाच तुकडा वाचतात, पाकिटावरच्या पत्त्यासारखा;
आतलं पत्र कुणाचं, विचारत नाहीत.

आम्ही त्या फटीतून शिरलो.
लविना कुलासो आणि मी
आमचा मजकूर लिहून, तिचा पत्ता चिकटवून
पाठवत राहिलो.
सोळा पत्रं फुकट.
चौथ्याचं पाणी निघालं, गाठ बसेना.
नवव्याची गाठ बसली, पण ते कुणालाच मारेना.
अकरावं वीज गेली त्या रात्री फ्रीजमध्येच संपलं.

दरम्यान बाबांचा पाय.
टाचेची चीर, वर मीठ, रक्तात साखर.
बांबोळीच्या वॉर्डात हातात दिलेला कागद:
अकरा औषधं, त्यातल्या नवांपुढे "आर".
मला तो कागद वाचता येत होता, हीच अडचण.

सतरावं.
सकाळी सव्वासातला ताटली उजेडात धरली.
वॉर्डातूनच मागवलेला जंतू,
त्याच्या पांढुरक्या सायीत एक स्वच्छ गोल.
लविनानं दोनदा पट्टी लावली. चौदा मिलिमीटर.
आत काहीच नव्हतं.
इतकं नीट काहीच नसणं
मी आधी पाहिलं नव्हतं.

फोटो दाखवला. बाबांनी चष्मा पुसला,
दोन बोटांनी गोल मोठा केला.
"आनी म्हाका केन्ना?"

उंदीर, मग यकृत, मग परवानग्या, मग पैसे;
दहा वर्षं, तीही जमलं तर.
मी म्हटलं, वेळ लागेल.
ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"चिखल आमचो," म्हणाले. "बरोवन दवर."

गुरुवारी दोन बोटं काढली.

पुढच्या हंगामात पुन्हा गेले, नळ्या घेऊन.
ते बांधावर खुर्ची टाकून बसलेले, पायात मोठी चप्पल.
मी नेहमीच्या जागी वाकले
तर काठी उचलून ओरडले,
"थंय न्हय. मानशीलागीं बघ.
थंय कुर्ल्यो उरनात."