खाडा

काठी क्रमांक सात या वर्षी उभी नव्हती.
दगडांत आडवी पडली होती,
घोड्यावरून उतरून कुणी बाजूला टाकावी तशी.
मी टेप उलगडला, पुन्हा गुंडाळला.
मोजायचं कशापासून?

कारा-तोर हिमनदी, किरगिझस्तान.
आमच्या गावापासून दीड दिवस, घोडं चांगलं असेल तर.
बर्फात भोक पाडायचं, काठी रोवायची,
पुढच्या सप्टेंबरात येऊन बघायचं
किती उघडी पडली.
एवढंच शास्त्र, वडील म्हणायचे,
बाकीचं चालणं.

एस्तेबेस त्यांचं नाव. हवामान ठाण्यावर नोंदी ठेवायचे.
एक्क्याण्णवला देश बदलला,
त्र्याण्णवला पगार थांबला,
चौऱ्याण्णवला ठाण्याचं छप्पर कुणीतरी उचललं
आणि गोठ्यावर घातलं.
(कुणी ते ठाऊक होतं. त्यांच्या मेंढ्या त्या हिवाळ्यात वाचल्या.)
वह्या संपल्या. आकडे मागणारं कुणी उरलं नाही.

तरी ते जायचे.
आई विचारायची, डोंगराचं काय देणं लागता?
ते बुटांना चरबी चोळत बसायचे.
आकडे लिहायचे चहाच्या पुड्यांवर,
निवडणुकीच्या पत्रकांमागे,
एकदा माझ्या गणिताच्या वहीत, चुकलेल्या वजाबाकीखाली:
काठी तीन, उणे बहात्तर.
बाईंनी त्यालाही लाल फुली मारली.

मग बाहेरचे परत आले.
स्वित्झर्लंडची उर्सिना, ताश्कंदचा एक पोरगा,
वाफेवर चालणारं ड्रिल.
तिने संगणकावर रेघा दाखवल्या,
अँडीजमधल्या, नॉर्वेतल्या, शेजारच्या चीनमधल्या,
सगळ्या उताराला लागलेल्या,
आणि त्यांच्यात आमची, मध्येच तुटलेली.
अकरा वर्षांचा खाडा.
तेव्हा इथे कुणी नव्हतंच ना, ती म्हणाली.
दुभाष्याने ते आणखी हळू सांगितलं.

मी पत्र्याचा डबा आणला, बिस्किटांचा.
तीन रात्री आम्ही कागद लावत बसलो.
काहींना अजून चहाचा वास होता.
दहा वर्षं भरली.
एक राहिलं.
त्या वर्षाचाही कागद होता, त्यावर एवढंच:
गेलो नाही. गुलजान आजारी.
गुलजान माझी धाकटी बहीण.
त्यापुढे तिच्या नावाचा कागद नाही.

ताश्कंदचा पोरगा म्हणाला,
अलीकडचं-पलीकडचं धरून मधला आकडा काढता येतो,
सगळेच काढतात.
मी म्हटलं, काढा, पण फिकट शाईत.
वडील सांगायचे, कोरं म्हणजे शून्य नव्हे.
शून्य लिहायलाही तिथवर जावं लागतं.

आता ती रेघ कुठे कुठे जाते.
मोठ्या सभागृहांत भिंतीवर लावतात म्हणे,
देशोदेशीची माणसं रात्र रात्र एका शब्दावर अडून बसतात,
'करावे' की 'करता येईल',
कानात यंत्रं, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या.
मला त्यांचा राग नाही.
आमच्याकडे पाटाच्या पाळीवरून
दोन सख्खे भाऊ अख्खा हिवाळा बोलले नव्हते.
पाळी ठरली, पण तोवर एकाचा गहू गेला होता.
त्या जाड रेघेत एका ठिकाणी शाई फिकट आहे,
तिथे कुणी बोट ठेवतं का,
एवढंच विचारायचं होतं.

काठी सात.
शून्य लिहिलं नाही. कोरंही ठेवलं नाही.
लिहिलं: गेले होते. काठी आडवी. खाली दगड, ओले.
मग ती खांद्यावर टाकून
वर निघाले, बर्फ अजून आहे तिथवर.
घोडं खालीच थांबलं.
एवढ्या वर जायची त्याला सवय नव्हती.