मान हलवणारा पाहुणा

नऊ वाजून सत्तावीस मिनिटं.
निधनवार्ता वाचून झाल्यात. तीन होत्या,
त्यातली एक माझ्या भूगोलाच्या बाईंची.
मेंढ्यांच्या बाजारभावाला अजून सहा मिनिटं आहेत.
या फटीत दरवर्षी मी फियक्रा डूलीला बसवते.

आमचा स्टुडिओ बेकरीच्या माडीवर.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत
आणि पावाचा वास इतका दाट
की पाहुण्यांची पोटं माइकमध्ये गुरगुरतात.
किलब्रॅनपासून अटलांटिकपर्यंत ऐकू जातं म्हणे;
पुढे मासे ऐकत असतील.

फियक्रा सायकली दुरुस्त करतो.
नखांत ग्रीस, मांडीवर टोपी, तोंडात मूग.
नऊ वर्षांत या खुर्चीत तो बोललेले शब्द
मी मोजलेत : एकतीस.
त्यात "हो" अकरा वेळा.
बाकी सगळं तो मान हलवून सांगतो.
रेडिओवर.

"यंदाची राइडही रविवारीच ना, फियक्रा?"
मान.
"रविवारीच, मंडळी. चर्चच्या फाटकापासून, दहाला?"
मान.
"टेकडीवरून, की किनाऱ्याने?"
माझंच चुकलं. अशा प्रश्नाला मान कशी हलवणार?
तो बोटाने हवेत चढ काढतो,
एक वाकडं वळण, तिथे थांबून धापा टाकतो,
आणि मग हात सोडूनच देतो उतारावर,
पार टेबलाच्या कडेपर्यंत.
"टेकडीवरून," मी सांगते. "पण उतार झकास आहे."

पैसे कशासाठी, ते मीच वाचते.
त्या पांढऱ्या गाडीसाठी. डिझेल, टायर,
पॉद्रिगचा पगार — नाही, पगार तो घेत नाही, त्याचा चहा.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेआठला
चार माणसं डायलिसिसला न्यायची, एकशे चार किलोमीटर,
आणि अंधार पडल्यावर
चार माणसं परत आणायची.
दोन वर्षांपूर्वी काही दिवस तीनच होती.
कागद गेल्या वर्षीचाच आहे, कॉफीच्या डागासकट.
नुसती तारीख खोडलीय.

आज गुरुवार, हे माझ्या ध्यानात नव्हतं.
त्याच्या होतं.
त्याने घड्याळ पाहिलं, माइक ओढला,
इतका जवळ की काटा लाल झाला,
आणि म्हणाला,
"ग्रॉन्या, पूल ओलांडलात का?
तुझी घोंगडी मागच्या सीटखाली आहे. उजवीकडे.
पॉद्रिगला सांग, हीटर बंद पडला
तर डाव्या बाजूला एक गुद्दा मार."

ग्रॉन्या हॅनिगन त्याची कोण
हे इथे पोराटोरांना ठाऊक आहे,
म्हणून मी ऐकणाऱ्यांना काही सांगितलं नाही.
चार सेकंद कुणीच बोललं नाही.
आमच्या धंद्यात चार सेकंद म्हणजे पाप;
लोकांना वाटतं, वाऱ्याने मनोरा पाडला.
खाली भट्टीचं दार आपटलं. तेवढं प्रसारित झालं.

मग मी बाजारभाव उचलला.
फियक्रा टोपी घालून जिना उतरला,
तीन पायऱ्यांवर थबकत, जसा दरवर्षी,
काही विसरल्यासारखा.

विसरले होते मी.
कोकरांचे भाव अर्धे वाचून झाल्यावर आठवलं :
नोंदणी वीस युरो.
मुलांना फुकट.
ब्रेक आधी दाखवून घ्या, तो पैसे घेत नाही.