देवणीचा बर्फ

मन्मथ स्वामीचा तीनचाकी पहिल्यांदा दुकानी आला
तेव्हा मागच्या फळीतून पाणी गळत होतं.
"उदगीरला आठ लाद्या भरतो,
देवणीत सात उतरतात.
एक रस्ता पितो. पळव हिला."

उस्ताद युनूसभाई हजला गेलेले.
दुकानाची किल्ली माझ्या करगोट्याला,
आणि अक्कल वीस वर्षांची.

मीच हेड उचललं. सिलेंडर मांडीवर घेतला
अन् धूर जातो ते भोक वर वर घासत गेलो.
अर्धा मिलिमीटर पुरला असता, मी दीड खाल्ला.
हेडही लेथवर धरून खरवडून आणलं.
जेट बारीक केला, पेट्रोल वाचावं म्हणून.
गाडी किंचाळत निघाली.
चौकातली पोरं वळून बघायला लागली,
मन्मथ खूश,
मी त्याच्याहून.

नवव्या दिवशी, वैशाखात, भर बारा वाजता,
लग्नाचा बर्फ नेताना
नाल्यापलीकडच्या चढावर पिस्टन चिकटला.
मी सायकल मारत पोचलो तोवर
भुसा ओला, गोणपाट ओलं,
डांबरावरून ओघळ थेट खाली,
आणि दोन शेळ्या ओघळाला तोंड लावून उभ्या.
मन्मथ ओरडला नाही.
तळहाताएवढा तुकडा उरला होता
तो माझ्या हातावर ठेवला:
"धर. मजुरी."

उस्ताद आले. खजूर वाटून झाला,
मग पिस्टन उजेडात फिरवत बसले बराच वेळ.
चरे मोजले असतील, किंवा माझे दिवस.
"गाती नै थी रे वो," म्हणाले,
"रोती थी."
त्यांनी पंख्याचं झाकण उघडायला लावलं.
आत भुसा. पाकळ्या-पाकळ्यांत गच्च.
जो बर्फाला जपत होता
तोच इंजिनाला भाजत होता,
आणि मी वर वेग घासत बसलेलो.

दुसऱ्या सिलेंडरला कानस लावली
ती श्वास धरून. अर्धा. बस.
भोकाच्या कडेची धार मोडली, रिंग अडकू नये एवढीच.
प्लगच्या जागेतून कथलाची तार आत सोडली,
हातानं फिरवून चेपली, काढून मोजली,
पिस्टनच्या डोक्यावर एक मिलिमीटर हवा
तशीच राहू दिली.
जेट एक नंबर मोठा. धूर जरा जास्त,
पळणं जरा कमी,
पोटात मात्र गारवा.
पंख्याला मच्छरदाणीची जाळी,
ती मन्मथच्या बायकोनं शिवली, दुहेरी टाक्यानं.

आता आठ भरतो, साडेसात उतरतात.
बाजाराच्या दिवशी अजूनही विचारतो,
"आणखी थोडं होईल का?"
होईल. होतं तर काय नाही.
मी प्लग काढून त्याच्यासमोर धरतो:
बशीत वाळलेल्या चहाचा रंग.
"हा पांढरा पडायला लागला की समज
मी तुझं ऐकलं."
तो फडक्यानं प्लग पुसायला जातो,
मी हात आवरतो त्याचा.
पुसू नको, तेवढंच तर वाचता येतं मला.

अर्धी लादी जाते रस्त्यात. जाऊ दे.
चढावर, तो सांगतो,
गाडीचा आवाज लांबून आला की
शेळ्या उठून उभ्या राहतात.