लन क्रमांक सात

खराडी, तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
बाहेर मे महिना, आत मी स्वेटरमध्ये.
पंख्यांच्या घरघरीत बोलायचं म्हणजे
पिठाच्या गिरणीत बोलावं तसं, कानाशी.

पतसंस्थेचा सर्व्हर विचारतो, कोणी आहे का?
टार्गेट म्हणतं, आहे. नाव सांग.
यादीत बघतं, आणि एक डिस्क पुढे करतं:
लन क्रमांक सात, दोन टेराबाइट, घे, तुझीच.

त्याला खरंच वाटतं, आपल्या पोटात तबकडी फिरतेय.
तिच्यावर तो लिहितो हप्ते, सोनंतारण, जामीनदार.
एकेका जामीनदाराची सही
अकरा डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पडलेली,
त्यातल्या दोन तर मी गेल्या आठवड्यात बदलल्या.

नवी आलेली तस्लीम आतार म्हणते,
"सर, पण डेटा नक्की कुठेय? हात लावून दाखवा."
मी रॅकपाशी जातो. हिरवे दिवे.
बोट उचलतो, ते तसंच राहतं.
मग आमच्या धानोरीच्या सोसायटीची टाकी सांगतो:
एक टाकी, बहात्तर नळ,
ज्याला त्याला वाटतं, पाणी आपल्याच भिंतीतून येतं.
"आणि गुरुवारी?"
गुरुवारी कळतं.

हे नाही सांगत, की आहेत चाळीस टेराबाइट
आणि वाटलेत नव्वद,
सगळे एकदम मागणार नाहीत या भरवशावर.

सातच्या शेजारी, केसाएवढ्या अंतरावर,
एका दवाखान्याचे एक्स-रे: आठ.
सातवाल्याला आठ दिसत नाही.
दिसू नये, याचाच मला पगार.

श्रीरंग लोणकरनं एकदा एकच लन
दोन सर्व्हरना दिला होता, झोपेत.
दोघंही रात्रभर इमानदारीत लिहीत राहिले.
सकाळी त्यातलं कुणाचंच काही वाचता येईना.
आता त्याची मांजरीला नर्सरी आहे.
फोनवर म्हणतो, इथे बरंय,
एक कुंडी, एक गिऱ्हाईक.

दोन दहा. पतसंस्था मोठ्या बँकेत विलीन झाली,
आजचं काम एवढंच, सातची खूण काढायची.
काढली.

कोणी आहे का?
आहे.
माझी डिस्क?
तुझ्या नावावर काही नाही.

पुन्हा विचारतो. पुन्हा.
तस्लीम स्क्रीनकडे बघत राहते,
"त्याला कुणी सांगितलंच नाही का?"

अकरा डिस्कवर सही अजून आहे,
पुसायला वेगळी परवानगी लागते, ती सोमवारी.
तोवर सात आहे,
फक्त कुणापुढे केलेलं नाही.